कुऱ्हाड फळीत रुतत नाही, आपटून परत उडते: उन्हाळ्यात वारंवार येणाऱ्या अडचणीचे निदान आणि उपाय

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत ज्यांच्या हातून दहापैकी सात-आठ वेळा कुऱ्हाड फळीत व्यवस्थित रुतते, त्यांचीच कुऱ्हाड फाल्गुन लागला की फळीवर आपटून परत येऊ लागते, आणि जोर वाढवला तर रुतण्याऐवजी ती आणखी लांब उडते. लातूरजवळच्या आमच्या शिवारात आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी कुऱ्हाडफेकीचा सराव करतो. ही अडचण सलग तीन उन्हाळे आमच्या वाट्याला आली. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोष हाताला दिला आणि जोर वाढवला. त्यात एका मित्राचा खांदा महिनाभर दुखत राहिला. दुसऱ्या उन्हाळ्यात दोष कुऱ्हाडीला दिला आणि नवी कुऱ्हाड आणली. तीही तशीच परत उडाली. तिसऱ्या उन्हाळ्यात फळीवरच्या खुणा एकेक करून तपासल्या, तेव्हा लक्षात आले की आमची फेक मुळात बिघडलेलीच नव्हती. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा लाकूड, जमीन आणि दांडा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलतो, आणि आपण मात्र त्या बदलाची भरपाई हाताने करायला जातो. तसे केले की चांगली बसलेली फेकही बिघडते आणि मग खरे कारण कोणते हे शोधणे फार अवघड होते.

ज्यांनी हा खेळ नुकताच सुरू केला आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. मनोरंजनासाठीच्या कुऱ्हाडफेकीचे आजचे रूप कॅनडातील टोरांटो शहरात २००६ साली एका घराच्या परसात सुरू झालेल्या खेळातून घडले. पुढे २०१६ मध्ये इंटरनॅशनल ॲक्स थ्रोइंग फेडरेशन आणि २०१७ मध्ये वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीग अशा दोन संघटना उभ्या राहिल्या आणि नियमांना निश्चित रूप आले. फेकणारा लक्ष्यापासून सुमारे १२ फुटांवर उभा राहतो, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून सुमारे ५ फूट उंच असतो, आणि डोक्यावरून फेकलेली छोटी कुऱ्हाड हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन पात्याकडून फळीत शिरते. एका गिरकीचे हे गणित आणि फळीचे लाकूड या दोन गोष्टींवरच बाकी सगळे अवलंबून आहे.

कारणांकडे वळण्यापूर्वी एक छोटी तयारी करावी. आमचा सगळा गोंधळ तिने मिटवला. कुऱ्हाड आदळते तो क्षण इतका अल्प असतो की फळीला आधी काय लागले हे डोळ्यांना कळत नाही, आणि पाहणारे चौघे चार वेगवेगळी मते देतात. म्हणून दांड्याच्या खालच्या टोकाला ओला चुना लावावा, पात्याच्या वरच्या कोपऱ्याला गेरू लावावा आणि खालच्या कोपऱ्याला निळा खडू घासावा. मग नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्याच जोराने, काहीही न बदलता दहा वेळा फेकावे आणि प्रत्येक फेकीनंतर फळीजवळ जाऊन कोणता रंग कुठे उमटला आहे आणि धारेचा काप किती लांब आहे ते वहीत लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु दहा फेकींच्या या नोंदीशिवाय पुढे जाऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण अंदाजाने केलेला उपाय दहापैकी दोनदा लागू पडतो आणि तेवढ्यावर आपण तोच खरा उपाय समजून बसतो.

नोंदीत जर असे दिसले की बहुतेक वेळा धारेचा लांब, सरळ, उभा काप उमटला आहे, वरच्या कोपऱ्याचा गेरू किंचित जास्त लागला आहे, दांड्याचा चुना कुठेच नाही, आणि तरीही कुऱ्हाड परत उडाली आहे, तर तुमची गिरकी बरोबर आहे. अशा वेळी फेकरेषा हलवू नये, पकड बदलू नये, जोर वाढवू नये. दोष समोरच्या बाजूला आहे. मराठवाड्यात फेब्रुवारीनंतर येणाऱ्या तक्रारींत हाच प्रकार मला सर्वाधिक आढळला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिली तपासणी लाकडाची. ओल्या लाकडाचे तंतू मऊ असतात आणि पाते शिरताना ते बाजूला सरकतात. लाकडातील ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की तंतूंच्या भिंती आकसू लागतात, आणि त्यापुढे लाकूड जितके कोरडे होत जाईल तितके ते कठीण होत जाते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो, हवा अत्यंत कोरडी असते आणि उघड्यावर पश्चिमेच्या उन्हात उभी केलेली फळी काही आठवड्यांतच पार वाळून जाते. त्याच फळीवर श्रावणात कुऱ्हाड सहज रुतत होती, ही आठवण आपल्याला फसवते. तपासणी सोपी आहे: अंगठ्याचे नख फळीत जोराने दाबून पाहावे. नखाची खूण उमटली तर लाकूड ठीक आहे. नखच वाकले तर लाकूड आधी भिजवायला हवे.

भिजवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. सरावाच्या आधी पाच मिनिटे पाणी शिंपडल्याने वरचा पापुद्रा तेवढा ओला होतो आणि ऊन पडताच तो वाळतो. आम्ही आदल्या संध्याकाळी फळ्यांवर भरपूर पाणी मारतो, त्यांच्यावर ओले बारदान टांगतो, आणि रात्री झोपण्यापूर्वी ते बारदान पुन्हा एकदा भिजवतो. सकाळी सात वाजता बारदान काढले की दहा वाजेपर्यंत फळी चांगली राहते. झाडाच्या खोडाचा आडवा काप लक्ष्य म्हणून वापरत असाल तर तो जनावरांच्या पाण्याच्या हौदात आठवडाभर बुडवून ठेवणे सर्वांत उत्तम, पण वर यायच्या बाजूवर दगड ठेवावा, नाहीतर तो तरंगतो आणि अर्धाच भिजतो. पाण्याची टंचाई असलेल्या गावात यासाठी टँकरचे पाणी वापरणे मला योग्य वाटत नाही. तिथे उन्हाळ्यात सराव थांबवावा, किंवा लक्ष्य गोठ्याच्या सावलीत हलवून धुण्याभांड्यांचे सांडपाणी त्यासाठी वापरावे.

लाकूड कोणते निवडले आहे हाही प्रश्न आहे. आपल्याकडे हाताशी असते ती बाभूळ, आणि बाभळीचे लाकूड बैलगाडी व औते यांच्यासाठी वापरले गेले ते त्याच्या कणखरपणामुळेच. वाळलेल्या बाभळीवर फेकणे म्हणजे कुऱ्हाडीची धार आणि स्वतःचा खांदा दोन्ही वाया घालवणे होय. सागवान महाग आहे आणि या कामासाठी ते वापरणे ही उधळपट्टी आहे. शेवगा याच्या उलट इतका भुसभुशीत असतो की दोन दिवसांत त्याचा चोथा होतो. पांगारा आणि काटेसावर ही हलकी, मऊ लाकडे या कामाला चांगली. सॉ मिलमध्ये पेट्यांसाठी कापलेल्या आंब्याच्या फळ्याही चालतात. औद्योगिक वसाहतींत यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारवाल्यांकडे मिळतात. खेळाच्या मूळ देशात असेच मऊ लाकूड वापरतात, त्यामुळे त्या मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात, मात्र त्यांतले खिळे एकूण एक काढावेत. लक्ष्यासाठी उभे आंब्याचे झाड तोडू नये. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे आणि तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. वळवाच्या वाऱ्याने मोडलेली फांदी एखाद्या हंगामाला पुरेशी होते.

फळ्या बसवण्याच्या दिशेत तर बहुतेक ठिकाणी चूक आढळते. सुताराला चौकट सांगितली की तो दोन खांब उभे करून त्यांच्यावर आडव्या फळ्या ठोकतो, कारण दार-कुंपणाच्या सवयीने तेच सोपे पडते. परंतु एका गिरकीच्या फेकीत पात्याची धार उभी येते. फळी आडवी असेल तर धार तंतूंना छेदत शिरू पाहते आणि अडते. फळी उभी असेल तर तीच धार दोन तंतूंच्या मधून शिरते आणि तंतू तिला दोन्हीकडून आवळून धरतात. म्हणून समोरचा थर उभ्या फळ्यांचा हवा आणि त्यांना आधार देणारा मागचा थर आडवा चालतो. समोरच्या फळीची जाडी दीड ते दोन इंच असावी. फळ्या खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवाव्यात, म्हणजे झिजलेली मधली फळी काढून कडेची फळी तिच्या जागी लावता येते. खोडाच्या आडव्या कापात तंतूंची टोके आपल्याकडे असल्यामुळे पाते कोणत्याही दिशेने शिरते. तो काप लवकर झिजत नाही, पण उन्हाळ्यात त्याला मध्यातून कडेपर्यंत तडे जातात, म्हणून त्याच्यावर सतत ओले बारदान हवेच.

आता दुसरे कारण. ते आमच्या लक्षात सर्वांत उशिरा आले आणि काळ्या मातीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ते आवर्जून तपासावे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शिवारात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. त्याच मातीत रोवलेला लक्ष्याचा खांब पावसाळ्यात घट्ट आवळलेला असतो आणि मार्चनंतर त्याच्याभोवती बोटभर फट पडते. खांब पडत नाही, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. पण कुऱ्हाड आदळताच चौकट मागे झुकते आणि क्षणात पुढे येते, आणि तो झोल पात्याला बाहेर ढकलतो. फळीच्या वरच्या कडेला तळहात टेकवून जोराने ढकलावे आणि दुसऱ्याला खांबाच्या बुडाशी बसून पाहायला सांगावे. बुडाशी एक सूत जरी हालचाल दिसली तरी वरच्या टोकाला ती कितीतरी पट वाढते.

भेगांत तीच काळी माती भरल्याने उपयोग होत नाही, कारण ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आकसते. खांबाभोवती दीड फूट रुंद खड्डा घेऊन, मुरूम लागेपर्यंत किंवा किमान तीन फूट खोल जाऊन, त्यात मुरूम आणि दगडगोटे थराथराने धुमसाने ठोकून भरावेत. मुरूम ओल्याने फुगत नाही आणि उन्हाने आकसत नाही. जागा भाड्याची असेल किंवा खोदता येत नसेल तर मागे तिरके टेकू दिलेली चौकट जमिनीवर ठेवून तिच्या तळाच्या आडव्या दांड्यांवर वाळूची पोती रचावीत. आमच्या एका मित्राने औशाकडच्या शेतात अशीच चौकट केली आहे आणि ती तीन हंगाम जागची हललेली नाही.

तिसरे कारण कुऱ्हाडीत आहे आणि ते धोक्याचे आहे. कोरड्या हवेत दांड्याचे लाकूडही आकसते आणि पाते दांड्यावर सैल होते. सैल पाते फळीवर आदळले की आधी पाते थांबते, मागून दांड्याचा धक्का येतो आणि कुऱ्हाड निसटते; त्याहून वाईट म्हणजे एखाद्या फेकीत पाते दांड्यातून सुटून भलतीकडे जाऊ शकते. प्रत्येक सरावापूर्वी पाते वर धरून दांड्याचे खालचे टोक लाकडी ओंडक्यावर दोन-तीन वेळा आपटावे आणि पाते हलते का हे पाहावे. हलत असेल तर त्या दिवशी ती कुऱ्हाड वापरू नये. पाण्यात बुडवून दांडा फुगवण्याची आपली जुनी सवय लाकूड फोडताना चालत असेल, फेकण्यासाठी ती मुळीच चालणार नाही, कारण तासाभरात दांडा वाळतो आणि आधीपेक्षा जास्त सैल होतो. जुनी पाचर काढून किंचित जाड, वाळलेल्या कठीण लाकडाची नवी पाचर ठोकावी आणि दांड्याच्या वरच्या उघड्या टोकाला जवसाचे तेल दोन-तीन दिवस मुरवावे, म्हणजे ओल आत-बाहेर करण्याचा वेग कमी होतो. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि उन्हाळ्यात अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. त्या पसरून वाळवाव्यात. दांड्यासाठी धावड्याचे लाकूड मिळाले तर त्याच्यासारखे दुसरे नाही. ते चिवट असते आणि धक्का सोसते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो, पण या खेळात तो दांडा सांभाळणे ही सोबत्यांच्या जिवाची काळजी आहे.

कुऱ्हाडीच्या पात्याविषयी मला जे शिकायला मिळाले ते रस्त्याच्या कडेला भाता लावून बसणाऱ्या एका घिसाडी काकांकडून. मी त्यांना माझी नवी कुऱ्हाड दाखवली आणि ही रुतत का नाही असे विचारले. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “ही फोडायची कुऱ्हाड हाय, बाबा. फोडायचीला पोटात जाड पातं लागतंय, लाकूड उकलाया. तुमाला तर नुसती शिरून बसाया पायजे, मग एवढं जाड कामून ठेवायलाव?” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. जळण फोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते पाचरीसारखे लगेच जाड होत जाते, त्यामुळे ते फळीत अर्धा इंच शिरताच लाकडाकडून बाहेर रेटले जाते. फेकण्याच्या कुऱ्हाडीचे पाते धारेपासून बरेच मागेपर्यंत पातळ हवे, धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून २५ ते ३० अंशांच्या आसपास हवा, आणि पात्याचे वजन साधारण ६०० ते ८०० ग्रॅम असावे. दांडा १४ ते १७ इंच पुरतो. घरच्या कुऱ्हाडीचा अडीच फुटी दांडा १२ फुटांच्या एका गिरकीत नीट बसत नाही, आणि असे असताना नवशिक्याने आपल्या हाताला दोष देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

धार लावण्यासाठी कानस वापरावी. विजेच्या ग्राइंडरवर पात्याची कड निळसर झाली की तिचे पाणी उतरले असे समजावे. ती कड नंतर कितीही घासली तरी दोन फेकींत बोथट होते, आणि तेवढा भाग काढून टाकण्यावाचून किंवा लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेण्यावाचून इलाज उरत नाही. वस्तऱ्यासारखी धार मात्र इथे नको. कागद कापणारी अतिपातळ कड फळीतल्या गाठीवर दुमडते.

आता ज्यांच्या नोंदीत लांब काप दिसत नाही त्यांच्याकडे वळतो. त्यांची अडचण गिरकीची आहे. फळीवर दांड्याच्या चुन्याचा गोल ठसा उमटला असेल, किंवा फक्त खालच्या कोपऱ्याचा निळा रंग लागून दांडा फळीला टेकत असेल, तर कुऱ्हाडीची गिरकी पूर्ण होण्यापूर्वीच फळी आली आहे. तिला आणखी अंतर द्यायला हवे, म्हणून अर्धी वीत मागे सरकावे. याउलट फक्त वरच्या कोपऱ्याचा गेरू लागून बारीक खोबण पडली असेल आणि कुऱ्हाड आदळताना दांडा वर उचललेला दिसत असेल, तर गिरकी पूर्ण होऊन कुऱ्हाड पुढे फिरली आहे. इथे अर्धी वीत पुढे यावे, पण १२ फुटांच्या आत येऊ नये, कारण परत उडालेली कुऱ्हाड चुकवायला तेवढे अंतर लागतेच. १२ फुटांवरही गिरकी जास्त होत असेल तर दांडा टोकाकडे धरावा आणि सोडताना मनगट झटकणे बंद करावे. हे मनगटाचे झटकणे गोफण किंवा दगड मारण्याच्या सवयीतून येते आणि नवशिक्यांत ते फार आढळते. मनगट सरळ, हातोडी धरल्यासारखे स्थिर ठेवून, हात समोर डोळ्यांच्या उंचीवर आला की बोटे नुसती उघडायची. कुऱ्हाड स्वतःच निघून जाते.

जोर वाढवून गिरकी सुधारत नाही, ही गोष्ट पटायला अवघड जाते, म्हणून तिचा हिशेब मांडतो. हात एका वर्तुळाचा भाग फिरतो आणि कुऱ्हाड त्या फिरण्यासह सुटते. हाताचा वेग दुप्पट केला तर कुऱ्हाडीचा पुढे जाण्याचा वेग दुप्पट होतो, आणि तिच्या गिरकीचा वेगही दुप्पट होतो. त्यामुळे तेवढ्याच अंतरात ती तेवढीच फिरते. एका गिरकीला लागणारे अंतर ठरते ते त्या वर्तुळाच्या त्रिज्येवरून, म्हणजे ढोबळमानाने कोपरापासून कुऱ्हाडीच्या तोलाच्या जागेपर्यंतच्या लांबीवरून. ती लांबी अर्धा मीटर धरली तर ६.२८ ने गुणून सुमारे ३.१४ मीटर, म्हणजे १० फुटांहून थोडे अधिक अंतर येते. कुऱ्हाड हातातून सुटते ती रेषेच्या पुढे दोनेक फुटांवर, म्हणून १२ फुटांची रेषा बहुतेक माणसांना जुळते. लांब हातांच्या उंच माणसाला वीतभर मागे उभे राहावे लागते आणि लहान चणीच्या व्यक्तीला दांडा टोकाकडे धरून तेच गणित साधता येते. दांडा वर, पात्याजवळ धरला की त्रिज्या कमी होते आणि गिरकी लवकर पूर्ण होते. म्हणून एकाच सरावात पकड चार बोटे वर-खाली होत असेल तर निकालही तसेच वर-खाली होतात. दांड्यावर पकडीच्या जागी एक रेघ कोरून घ्यावी.

खुणांत कोणत्याही धारेचा काप नसून पात्याची चपटी बाजू आपटल्याचा पसरट डाग दिसत असेल तर पाते हवेत आडवे झाले आहे. याचे कारण बहुधा अंगठा असतो: तो दांड्याच्या एका बाजूने दाबला जातो आणि सुटताना दांडा पिळला जातो. काही दिवस दोन्ही हातांनी, डोक्यावरून मागे नेऊन फेकावे. दोन हातांची फेक आपोआप सरळ राहते आणि तिची सवय झाली की एका हाताने फेकतानाही पाते उभेच राहते. उन्हाळ्यात घामाने दांडा निसटतो तेव्हाही असाच डाग पडतो. प्रत्येक फेकीपूर्वी तळहात आणि दांडा कोरड्या फडक्याने पुसावा. त्यासाठी दांड्यावर कापड किंवा सायकलची ट्यूब गुंडाळू नये, ती बोटांत अडकून कुऱ्हाड उशिरा सोडवते आणि ती जमिनीत जाते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्यानंतर पुन्हा दहा फेकींची नोंद करावी, एवढे पथ्य पाळायलाच हवे. आम्ही दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलेल्या फळीवर कुऱ्हाड रुतत नाही म्हणून रेषा दोन फूट मागे नेली, दांडा बदलला आणि फळ्याही बदलल्या, हे सगळे एकाच रविवारी. नव्या फळीवर कुऱ्हाड रुतायला हवी होती, पण आता गिरकी चुकत होती. पावसाळा आल्यावरही आमची फेक पूर्ववत व्हायला दीड महिना गेला.

कुऱ्हाड परत उडत असल्याच्या काळात काळजी दुप्पट घ्यावी लागते. फेकून झाल्यावर पाठ फिरवू नये. कुऱ्हाड जमिनीवर पूर्ण थांबेपर्यंत तिच्याकडे पाहत राहावे. बाकीच्यांनी फेकणाऱ्याच्या बरेच मागे थांबावे, शेजारच्या दोन लक्ष्यांवर फेकणाऱ्यांनी दोघांच्याही कुऱ्हाडी पडल्यानंतरच एकत्र आणायला जावे, आणि चप्पल घालून कोणालाही रेषेवर येऊ देऊ नये. लक्ष्याखाली फरशी किंवा कडक जमीन असेल तर कुऱ्हाड तिथून पुन्हा उसळते, म्हणून तिथे सोयाबीनच्या भुसकटाचा फूटभर थर द्यावा. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध किंवा भिंत असावी, नुसते तुराट्यांचे कुंपण पुरणार नाही. सराव सकाळीच उरकावा. दुपारच्या उन्हात थकलेला हात कुऱ्हाड केव्हा सोडतो याचा भरवसा नसतो.

शेतापर्यंत कुऱ्हाड नेताना पात्यावर चामड्याचे किंवा जाड रबराचे म्यान चढवून ती पिशवीत बांधून न्यावी. सण-निवडणुकांच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात. अशा दिवसांत मोटारसायकलवर उघडी कुऱ्हाड नेणे टाळावे आणि गटाने सराव करायचा असेल तर आधी पोलीस ठाण्यात कल्पना द्यावी.

हे सगळे करूनही कुऱ्हाड लक्ष्याच्या मध्यभागीच उडत असेल आणि कडेला रुतत असेल, तर मधली फळी संपली आहे. शेकडो घावांनी तिचे तंतू इतके चिरडलेले असतात की पात्याला आवळून धरायला काही उरत नाही; ती वरून मऊ लागते आणि तरीही पाते धरत नाही. तिला कितीही पाणी पाजले तरी ती सुधारत नाही, ती बदलावी. नवी फळी बसवताना दोन फळ्यांच्या मध्ये एक सूत फट ठेवावी, कारण मृगाचा पाऊस पडला की वाळलेल्या फळ्या फुगतात आणि जागा न मिळाल्यास चौकटीतून बाहेर येऊन वाकतात. पाऊस स्थिरावला की बारदान काढून ठेवावे, नाहीतर फळीला बुरशी येते, आणि त्याच आठवड्यात चुना-गेरू लावून दहा फेकींची नोंद पुन्हा करावी.